बारा हजार पुस्तकं, दोन माणसं आणि एकदाच मिळणारा निधी: ग्रंथालयासाठी काय घ्यावं, कशानंतर घ्यावं

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. ग्रंथालयात साधारण बारा हजार पुस्तकं आहेत आणि काम करणारे तुम्ही दोघंच. दाखल नोंदवही, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक देऊन नोंद करायची वही, हाताने लिहिलेली आहे, त्यातली निम्मी-अधिक पुस्तकं एक्सेलमध्ये चढवलेली आहेत. रोजची देवघेव साठ-सत्तर पुस्तकांची. यंदा एकरकमी निधी मंजूर झाला आहे आणि व्यवस्थापनाला आरएफआयडी (पुस्तकात चिकटवलेला टॅग रेडिओलहरींनी दुरून वाचणारी पद्धत), वाचकाने स्वतःच देवघेव करायचं स्वयंसेवा यंत्र, दारातलं गेट असं सगळं बसवायचं आहे. तुम्ही विचारलंय की ग्रंथालयाला आणि ग्रंथपालाला खरोखर उपयोगी पडतील अशी साधनं कोणती.

मी बरीच वर्षं या कामात आहे. तीन ग्रंथालयांचं संगणकीकरण पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत हातांनी केलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो, यंत्रांची यादी करण्याआधी एक आठवडा एक वही काउंटरवर ठेवा. कोणत्या कामाला किती मिनिटं गेली ते दोघांनीही लिहा: पुस्तक देणं, परत घेणं, 'हे पुस्तक आहे का' याचं उत्तर शोधणं, जागेवर नसलेलं पुस्तक धुंडाळणं, नवी नोंद करणं, अहवाल तयार करणं. मी जिथे जिथे ही वही ठेवली, तिथे सर्वांत जास्त वेळ देवघेवीत गेलेला दिसला नाही, शोधाशोधीत गेलेला दिसला. तुमच्याकडे वेगळं निघू शकेल. संदर्भ ग्रंथालय असेल, परीक्षेच्या काळात रांग लागत असेल, मुलांचा विभाग मोठा असेल, तर उत्तर बदलतं. पण वही भरल्याशिवाय खरेदीची यादी करू नका.

आता आरएफआयडीबद्दल, कारण निधी तिथेच जाणार आहे. तंत्रज्ञान उत्तम आहे, त्याबद्दल शंका नाही. चार-पाच पुस्तकं एकावर एक ठेवली तरी एकदम वाचली जातात, कव्हर उघडावं लागत नाही, साठा पडताळणी फार जलद होते. पण तुमचे आकडे घेऊन हिशोब करा. बारकोडच्या तुलनेत एका पुस्तकामागे दहा सेकंद वाचले असं धरू. दिवसाला सत्तर पुस्तकं म्हणजे सातशे सेकंद, बारा मिनिटंही पूर्ण नाहीत. या बारा मिनिटांसाठी बारा हजार टॅग चिकटवायचे, प्रत्येक टॅगमध्ये माहिती भरायची आणि ती माहिती ज्या नोंदींवरून येणार त्या नोंदी अजून अर्ध्याच तयार आहेत. काउंटरवर रोज रांग लागत असती, रोज पाच-सहाशे पुस्तकं फिरत असती, तर मीच म्हटलं असतं की घ्या. आज तुमच्याकडे ती स्थिती नाही.

तरीही व्यवस्थापनाचा आग्रह राहिलाच, तर निदान तीन गोष्टी लेखी मागा. ग्रंथालयात सहसा वापरतात ते टॅग १३.५६ मेगाहर्ट्झचे असतात; त्यावरची माहिती आयएसओ २८५६० या मानकाप्रमाणेच लिहिली जाईल, पुरवठादाराच्या खासगी पद्धतीने नाही, हे कागदावर घ्या. नाहीतर उद्या पुरवठादार बदलला की टॅगही बदलावे लागतात. दुसरं, स्वयंसेवा यंत्र तुमच्या ग्रंथालय सॉफ्टवेअरशी सिप-२ या प्रचलित संवादपद्धतीने बोलतं हे तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा. तिसरं, चाचणी तुमच्याच लोखंडी कपाटांमध्ये घ्या. धातूजवळ टॅग नीट वाचले जात नाहीत, आणि बारीक पुस्तिका एकमेकींना चिकटून उभ्या असतील तर एका टॅगवर दुसरा येऊन दोन्ही चुकतात. प्रदर्शनातल्या लाकडी टेबलावर हे दिसत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर निधीचा पहिला भाग बारकोडवर लावला असता. जुनं तंत्रज्ञान म्हणून त्याकडे कमीपणाने बघू नका. एवढ्या आकाराच्या ग्रंथालयाला ते पुरून उरतं. मात्र बारकोडमध्येही चुका होतात आणि त्या वर्षानुवर्षं सोबत राहतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर छापलेला आयएसबीएनचा बारकोडच देवघेवीला वापरणं. आयएसबीएन हा आवृत्तीचा क्रमांक आहे, तुमच्या प्रतीचा नाही. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाचही प्रतींवर तोच क्रमांक असतो आणि कोणती प्रत कोणाकडे गेली हे कळत नाही. प्रत्येक प्रतीला तिच्या दाखल क्रमांकाचा स्वतंत्र बारकोड हवाच. आयएसबीएन मात्र झाकू नका, नोंद करताना तो फार कामाला येतो. हा छापील आयएसबीएन ईएएन-१३ या बारकोड-प्रकारात असतो, आणि देवघेव काउंटरवरच्या स्कॅनरमध्ये तो प्रकार बंद करून ठेवता येतो. स्कॅनरच्या पुस्तिकेत त्यासाठी एक बारकोड छापलेला असतो, तो एकदा वाचायचा. मग घाईत चुकून छापील बारकोडवर प्रकाश पडला तरी काही बिघडत नाही.

लेबलसाठी कोड १२८ हा प्रकार निवडा. त्यात तपासणी अंक, म्हणजे बाकीचा क्रमांक बरोबर वाचला का हे पडताळणारा अंक, असतोच, त्यामुळे अर्धवट खरवडलेलं लेबल सहसा चुकीचा क्रमांक देत नाही, सरळ वाचलंच जात नाही. कोड ३९ मध्ये तपासणी अंक ऐच्छिक आहे आणि पट्ट्याही लांब होतात. बारकोडच्या दोन्ही बाजूंना पांढरी कोरी जागा सोडा. लेबल छोटं करण्याच्या नादात ती कापली गेली की स्कॅनर अडखळतो, आणि आपण दोष स्कॅनरला देतो.

आणि लेबल छापायचा प्रिंटर. इथे मला मोठी किंमत मोजावी लागली आहे, म्हणून कळकळीने सांगतो. थर्मल प्रिंटर दोन प्रकारचे असतात. एकात उष्णतेने कागदच काळा होतो, दुसऱ्यात रिबनवरची शाई लेबलवर उतरते. पहिला स्वस्त आणि सोपा म्हणून आम्ही तोच घेतला. दोन उन्हाळे गेल्यावर खिडकीकडच्या रांगेतली लेबलं करडी पडायला लागली, आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनाखालची तर पार फिकट झाली. हजारो पुस्तकं पुन्हा कपाटातून काढून लेबल बदलावी लागली. त्या पद्धतीचा कागद पावतीसाठी असतो, पुस्तकाच्या आयुष्यभरासाठी नाही. रिबनचा प्रिंटर घ्या. तो परवडत नसेल तर साध्या लेझर प्रिंटरवर चांगल्या चिकटपट्टीच्या कागदावर लेबलं छापा आणि वरून पारदर्शक संरक्षक पट्टी लावा. तेही टिकतं.

स्कॅनर दोन घ्या. काउंटरवर स्टँडवर बसणारा, हात मोकळे ठेवणारा एक. आणि बिनतारी, स्वतःच्या स्मृतीत क्रमांक साठवणारा एक. लेझरपेक्षा प्रतिमा टिपणारा स्कॅनर निवडा, कारण सभासदाच्या मोबाइलच्या पडद्यावरचा कोड लेझरला सहसा वाचता येत नाही. बिनतारी स्कॅनर साठा पडताळणीसाठी. कपाटासमोर उभं राहून एकेक लेबल वाचत जायचं, संध्याकाळी सगळे क्रमांक एका साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवायचे आणि सॉफ्टवेअरला द्यायचे. जे जागेवर नाही, जे देवघेवीत दाखवलंय पण कपाटात आहे, जे भलत्याच कपाटात आहे, त्याची यादी समोर येते. पुस्तकामागे पाच सेकंद धरले तर बारा हजार पुस्तकांना सतरा तास लागतात. नोंदवही घेऊन एकाने क्रमांक वाचायचा आणि दुसऱ्याने खूण करायची, या पद्धतीने ग्रंथालय किती दिवस बंद ठेवावं लागतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. यासाठी लेबल मागच्या कव्हरवर बाहेरून लावा, आत नको. पुस्तक उघडावं लागलं की पाचाचे पंधरा सेकंद होतात.

ही लेबलं लावणार कधी? नोंद तपासून, छापून, चिकटवून एका पुस्तकाला तीन मिनिटं धरा. बारा हजारांना सहाशे तास. दोघांनी रोज प्रत्येकी तीन तास दिले तर शंभर दिवस. हा आकडा व्यवस्थापनाला आधीच सांगा, म्हणजे महिन्याभरात 'झालं का' असं कोणी विचारणार नाही. आणि सुरुवात पहिल्या कपाटापासून करू नका. काउंटरवर परत येणाऱ्या पुस्तकापासून करा. परत आलं की नोंद, लेबल, मग जागेवर. फिरणारी पुस्तकं अशी आपोआप आधी तयार होतात आणि वाचकांना फरक लवकर दिसतो. जी पुस्तकं सहा महिन्यांत एकदाही आली नाहीत ती शेवटी घ्या. त्यातली काही निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कायमची काढून टाकायची, निघतील, त्यांना लेबल लावण्याचे कष्टही वाचतील.

सॉफ्टवेअरचं मी थोडक्यात सांगतो. कोहा ही ग्रंथालय-प्रणाली बघा. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा पेलणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये कोहा बनवायला घेतली आणि जानेवारी २००० पासून वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती मुक्त आहे, परवाना शुल्क नाही, आणि आज जगभरची लहान-मोठी ग्रंथालयं ती वापरतात. पण मुक्त म्हणजे बिनकष्टाची नाही. सर्व्हर सांभाळणारं, अद्ययावत ठेवणारं कोणीतरी लागतं. तुमच्यात लिनक्सशी ओळख असलेलं कोणी नसेल तर ही सेवा देणाऱ्यांकडून ती घ्या आणि निधीतला एक हिस्सा पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी राखून ठेवा. यंत्र एकदा विकत घेतलं जातं, देखभाल दरवर्षी लागते, हे एकरकमी निधीत नेहमी सुटतं.

कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, पण विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारा: माझ्या सगळ्या नोंदी मार्क २१ स्वरूपात, मला स्वतःला, कोणाच्याही परवानगीशिवाय बाहेर काढता येतील का? मार्क म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी नोंदीची मांडणी. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात तिची सुरुवात झाली आणि आजही तीच चालते. २४५ मध्ये शीर्षक, १०० मध्ये मुख्य लेखक, ०२० मध्ये आयएसबीएन, अशी क्षेत्रं ठरलेली आहेत. एका ग्रंथालयात मी गेलो तेव्हा तिथलं जुनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी काम थांबवलेलं होतं आणि नोंदी बाहेर येत होत्या त्या फक्त छापील पानांच्या रूपात. आठ महिने आम्ही त्या पुन्हा टंकित करत होतो. 'हो, काढता येतील' एवढ्या तोंडी उत्तरावर थांबू नका. पन्नास नोंदींची फाइल काढून दाखवायला सांगा.

याच मांडणीमुळे दुसरा मोठा फायदा मिळतो. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी टंकित करायची गरज उरत नाही. आयएसबीएन वाचला की झेड३९.५० या पद्धतीने दुसऱ्या ग्रंथालयाच्या सर्व्हरवरून तयार नोंद येते. आपण तपासायची आणि आपला दाखल क्रमांक जोडायचा. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तयार नोंद कमी वेळा मिळते, तिथे हातानेच करावं लागतं.

आता तुमच्या एक्सेलकडे वळतो. कोणतंही यंत्र या डेटापेक्षा चांगलं चालणार नाही, म्हणून इथे सर्वांत जास्त लक्ष द्या. फाइल उघडा आणि दाखल क्रमांकाचा स्तंभ बघा. ०००१२३ असं भरलेलं एक्सेलने १२३ केलं असेल. आयएसबीएनच्या जागी ९.७८ आणि पुढे ई+१२ असं दिसत असेल. स्तंभ आधीच 'मजकूर' म्हणून ठरवला नाही की हे होतं. मग बघा, मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखाच दिसणाऱ्या लिपी-संकेतात, आहे की जुन्या फाँटमध्ये. ओळखायची सोपी रीत: रकान्यातला मजकूर कॉपी करून मोबाइलवरच्या संदेशात चिकटवा. देवनागरी दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली तर जुना फाँट. तो आधी रूपांतरित करून घ्या, नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवल्यावर नाही.

युनिकोड असलं तरी एक बारीक गोष्ट राहते, आणि ती मराठीत काम करणाऱ्यालाच भेटते. एकदा एका वाचकाने सांगितलं की अमुक पुस्तक शोधात येत नाही. पुस्तक माझ्या हातात होतं, नोंदही होती, शीर्षकात 'दुसऱ्या' हा शब्द होता. त्याने टंकित केलेला 'दुसऱ्या' आणि नोंदीतला 'दुसऱ्या' पडद्यावर हुबेहूब सारखे दिसत होते. पण हा चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टंकित होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आमच्या सूचीत असे शब्द शेकड्यांनी निघाले. तेच आकड्यांचं, कुठे '१२' कुठे '12'. आणि तेच 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' यांचं. लेखकांच्या नावांत तर एकाच व्यक्तीची चार-चार रूपं सापडतात: आद्याक्षरं आधी, आडनाव आधी, टिंबानंतर जागा सोडलेली, न सोडलेली.

यासाठी ओपनरिफाइन हे मोफत साधन वापरा. माझ्या मते ग्रंथपालासाठी याच्याइतकं उपयोगी साधन क्वचितच असेल, आणि ग्रंथालयांत त्याचं नाव फार कमी ऐकू येतं. एक्सेलची फाइल त्यात घातली की सारखी दिसणारी पण वेगळी लिहिलेली नावं ते गटागटाने समोर ठेवतं, आणि तुम्ही एका रूपावर शिक्कामोर्तब केलं की सगळ्या ओळी एकदम बदलतात. दोन दिवसांत हात बसतो. मूळ फाइलची प्रत मात्र बाजूला ठेवून मगच सुरुवात करा. आणि कोहा घेतलंत तर बसवणाऱ्याला सांगा की शोधाची अनुक्रमणी आयसीयू, म्हणजे वेगवेगळ्या लिप्यांचे नियम जाणणाऱ्या, पद्धतीची हवी. नाहीतर देवनागरीचा शोध लंगडतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रत ठेवण्याबद्दल एवढंच: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक ग्रंथालयाच्या बाहेर आणि निदान एक नेटवर्कपासून तोडलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिची सूची वाचकांना पुन्हा ऑनलाइन शोधता यायला जानेवारी २०२४ उजाडला. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं होतं, तर आपल्याकडे एका संगणकावरच्या एकाच फाइलवर विसंबून राहणं परवडणारं नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडलीच नाही तर ती प्रत नव्हेच. यासोबत काउंटरच्या संगणकाला एक यूपीएस.

छोट्या उपकरणांपैकी तीन मी आवर्जून घेईन. तापमान आणि आर्द्रता नोंदवत राहणारा डेटा लॉगर. तो आपल्या टेबलावर न ठेवता सर्वांत कोंदट कोपऱ्यात, बंद कपाटाच्या आत ठेवा. आर्द्रता दिवसचे दिवस ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि बुरशी डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरं, हेपा (अगदी बारीक धूळही अडवणारा) फिल्टर आणि मऊ ब्रश असलेला व्हॅक्यूम क्लीनर. फडक्याने झटकलेली धूळ दुसऱ्या पुस्तकावर बसते आणि तुमच्या छातीतही जाते. तिसरं, वाचकांच्या एका संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीन वाचकासाठी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि चांगला हेडफोन. तो मराठीही वाचून दाखवतो. यातल्या तिसऱ्याला जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि ज्या वाचकाला आजवर ग्रंथालयाचं दारच बंद होतं त्याला स्वतःच्या हाताने सूची धुंडाळता येते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुन्हा सांगतो, हे उद्याच करा.

दुर्मीळ पुस्तकांचं स्कॅनिंग तुम्ही ओझरतं विचारलंत. सपाट स्कॅनर घेऊ नका. पुस्तक उलटं दाबून पूर्ण उघडावं लागतं आणि जुनी बांधणी कण्यापाशी फुटते. वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर आणि पुस्तकाला अर्धवट उघडं धरणारा आधार हवा. मजकुरासाठी ३०० डीपीआय (दर इंचाला टिपलेले ठिपके) पुरतं, अक्षर बारीक असेल तर ४००. मूळ प्रतिमा टिफ या फाइल-प्रकारात जपा, वाचकांना पीडीएफ द्या. टेसेरॅक्ट हे मोफत साधन मराठी छापील मजकूर ओळखतं, पण जुन्या खिळेछपाईवर चुका भरपूर येतात. तो मजकूर शोधासाठी ठेवा, वाचण्यासाठी मूळ पानच दाखवा. आणि हक्क कोणाकडे आहेत हे तपासल्याशिवाय काहीही ऑनलाइन टाकू नका.

म्हणजे क्रम असा झाला: वही, एक्सेलची स्वच्छता, सॉफ्टवेअर, लेबलं आणि स्कॅनर, प्रत ठेवण्याची सोय, मग छोटी उपकरणं. आरएफआयडी नंतर. हे सगळं झाल्यावर दोन वर्षांनी देवघेव वाढली तर आज केलेलं काहीही वाया जात नाही, कारण टॅगमध्ये हाच दाखल क्रमांक भरायचा असतो.

निधी यंदाच खर्च करण्याची अट असेल तर हा क्रम थोडा हलवावा लागेल. तसं असेल तर अटीचा नेमका मजकूर आणि तुमच्या एक्सेलमधल्या वीस-पंचवीस ओळी इथे टाका, वाचकांची नावं वगळून. त्या बघून आधी काय हाती घ्यायचं ते सांगतो.